दुसऱ्या कडव्यातली चूक

"तू पळतेस, ताई! प्रत्येक गाण्यात पळतेस!"

"मी नाही पळत. तू मागे राहतोस, लाडोबा."

"वेग सुटू नये म्हणून कानात टिकटिक लावून दिली होती ना? तिच्याबरोबर जायचं, बस्स!"

"ती मी दुसऱ्याच गाण्याला काढून फेकली. डोक्यात कोणी खिळे ठोकतंय असं वाटत होतं!"

स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट मान खाली घालून चहा ढवळत राहिला. बहीण-भावाच्या भांडणात तोंड घालायचं नाही, हे तो दहा दिवसांत शिकला होता. दहा दिवस, नऊ गाणी, आणि दोघांच्या पंक बँडचा पहिला अल्बम. भाऊ गिटार वाजवून गायचा, बहीण ड्रम बडवायची. चाली गोड, गुणगुणाव्यात अशा; पण वेग असा, की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी.

वेग ताईचा. तिच्या पायाला जन्मापासून भिंगरी. चौदा वर्षं ती शर्टांच्या कारखान्यात काजं करायच्या मशीनवर बसते. दिवसाला तीन हजार काजं, तीन हजार वेळा पेडल. तरी जेवताना टाच चालूच. आई वैतागायची, "अगं, टेबल नाचतंय! पाय आवर." भाऊ तान्हा असताना तिने पत्र्याचा डबा वाजवला की रडायचा थांबायचा. पुढे त्याच ठेक्यावर तो गायला लागला.

"पाचवं लावा हो जरा," ती रेकॉर्डिस्टला म्हणाली.

गाणं सुरू झालं. तिची टाचही. दुसरं कडवं आलं आणि टाच थांबली.

तिथे तिचा गुडघा नेहमी अडायचा, पेडलवरचा मोठ्या ड्रमचा ठोका अर्धा श्वास उशिरा पडायचा, आणि भाऊ तेवढ्यापुरता शब्द ताणून धरायचा. ठरवून नव्हे, कधी बोललेही नव्हते त्यावर. आता ठोका वेळेवर पडला. शब्दही कापल्यासारखा तिथेच संपला.

"माझी चूक कुठे गेली?"

रेकॉर्डिस्टने भावाकडे पाहिलं. "ते... दादा म्हणाले, नीट करून टाका."

"पाचव्यात?"

"सगळ्यांत."

"किती ठोके माझे राहिलेत?"

रेकॉर्डिस्टने पुन्हा चहा ढवळायला घेतला.

"ताई, ऐक ना," भाऊ खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "कंप्युटरने वाजवलंय, पण कव्हरवर नाव तुझंच आहे. मोठ्या अक्षरात! कोणाला कळणार नाही."

"तुला कळलं नाही?"

तो गिटारच्या तारेशी चाळा करू लागला.

ताई काचेपलीकडच्या खोलीत गेली. मोठ्या ड्रमपाशी उकिडवी बसली आणि स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या पेडलचा स्क्रू बोटांनी सोडवू लागली. स्क्रू घट्ट होता. नख तुटलं. तिने शर्टाच्या टोकात धरून पिळला.

"ताई, हे काय? अगं, शनिवारी कार्यक्रम आहे!"

पेडल सुटलं. तिने ते पिशवीत टाकलं.

"अडीचशे माणसं येणार आहेत. तिकडे कोण वाजवणार? ताई?"

दार तिने खांद्यानेच ढकललं. जिन्यावर तिची पावलं भराभर उतरत गेली, दोन-दोन पायऱ्या एकदम.