ते दहिवर

भावाचा फोन आला तेव्हा मी एका लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होते. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये पत्रिका छापायचं एक दुकान आहे, तिथे मी कॉम्प्युटरवर मराठी मजकूर लावते. भाऊ म्हणाला, "ताई, डिलिव्हरी झाली. दोघं बरी आहेत." मी विचारलं, "अरे पण मुलगा की मुलगी?" तर म्हणाला, "तू ये ना इकडे."

हॉस्पिटल जवळच होतं. मी पोचले तेव्हा भावजय भिंतीकडे तोंड करून पडली होती. आमची आई खुर्चीत बसली होती, मांडीवर गुंडाळलेलं बाळ. डॉक्टरीणबाईंनी भावाला सांगितलेलं माझ्यासमोर पुन्हा सावकाश सांगितलं. "बाळ मुलगा आहे की मुलगी, हे नुसतं बघून सांगता येत नाहीये. असं होतं कधी कधी, यात कुणाची चूक नाही. रक्त तपासायला पाठवतोय, सगळे रिपोर्ट यायला चार आठवडे लागतील. तोवर अंदाजाने काही ठरवू नका. मला आधी काळजी मिठाची आहे. अशा काही बाळांच्या अंगातलं मीठ झपाट्याने कमी होतं, ते जिवावर बेतू शकतं. म्हणून रोज वजन आणि दर दोन दिवसांनी रक्त."

भाऊ मान हलवत होता. त्याला किती कळलं देव जाणे. मलाही 'जिवावर' एवढाच शब्द ऐकू आला.

भाऊ अंबरनाथला बुवापाड्यात राहतो. तिथे घराला घर लागून आहे, पहिल्याच संध्याकाळी शेजारणींनी विचारलं, "काय मग, पेढे की बर्फी?" आमच्याकडे मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. भाऊ म्हणाला, "अजून दवाखान्यातच आहेत," आणि आत गेला. दुसऱ्या दिवशी तो मागच्या गल्लीतून कामाला गेला. तिसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आला आणि स्टुलावर बसून राहिला.

"ताई, नाव तू ठेवायचंस. आत्या आहेस. असं ठेव, की रिपोर्ट काहीही आला तरी बदलायला लागू नये."

मी म्हटलं, "ठेवते." मला वाटलं, त्यात काय अवघड. चौदा वर्षं नावंच तर टाईप करतेय. नवरा-नवरींची, त्यांच्या बहीण-भावंडांची, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'वाल्या चिल्ल्यापिल्ल्यांची. पण बसले तेव्हा कळलं, की प्रत्येक नाव ऐकताक्षणी मुलाचं किंवा मुलीचं होऊन जातं. दोघांना चालणारी जुनी दोन-चार होती, ती घरात आधीच कुणाकुणाला ठेवलेली. मोबाईलवरच्या यादीतली तर कुठल्या भाषेतली तेच समजेना. रद्दी पत्रिकांच्या पाठीवर मी नावं लिहायची आणि दवाखान्यात भावजयीला वाचून दाखवायची. ती प्रत्येक नावाला "बघू" म्हणायची. बाळाला वेळेवर दूध पाजायची, पण हाक म्हणून मारायची नाही. सोन्या नाही, चिमणी नाही, काहीच नाही. मला मिठाच्या खालोखाल त्याची भीती वाटत होती.

आई मात्र पहिल्या दिवसापासून तशीच होती. ती मूळची बारवी धरणाकडच्या पाड्यावरची. भावाने तिला सगळं समजावून सांगितल्यावर तिने विचारलं, "ता पोर दूद पितं ना? मंग झालं," आणि बाळाचं टोपडं सारखं केलं.

सहाव्या दिवशी बाळाने दोनदा दूध ओकलं आणि वजन उतरलं. डॉक्टरीणबाईंनी लगेच रक्त घ्यायला सांगितलं. आम्ही जिन्यात उभे राहिलो. भाऊ म्हणाला, "ताई, मला काहीही चालेल गं. मुलगा, मुलगी, काहीही. फक्त राहू दे." तो असा बोलेल असं मला वाटलं नव्हतं. मी त्याचा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसा.

तो रिपोर्ट ठीक आला. त्यानंतरचाही आला. बाराव्या दिवशी डॉक्टरीणबाई चष्मा काढून म्हणाल्या, "मीठ एकदम व्यवस्थित आहे. वजनही चढलंय. तो धोका टळला, घरी न्या." भावजय उठून बसली आणि ओंजळीत तोंड धरून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "द्या इकडे, भुकेलं असेल."

मे महिना, त्यात वीज गेलेली, आणि आईने बाळाला टोपडं-दुपटं घालून बांधून ठेवलेलं. ते चुरूचुरू पीत होतं. आई वाकून बघत म्हणाली, "बघ गो, नाकावर दहिवर पडलंय."

मी बघितलं. नाकाच्या शेंड्यावर घामाचे बारीक बारीक थेंब. दहिवर म्हणजे दव. पहाटे पाड्यावर गवतातून चालताना पाय भिजायचे, तेव्हा आई हाच शब्द वापरायची. इतक्या वर्षांत मी तो एकदाही टाईप केला नव्हता.

"आई, दहिवर... तो की ती?"

आईने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "ते. ते दहिवर."

मी तो शब्द पत्रिकेच्या पाठीवर लिहिला. मग भाऊ म्हणाला, "शाळेत पोरं दही म्हणतील."

"म्हणू देत," भावजय म्हणाली. "दहीवडा म्हणतील." आणि हसली. बारा दिवसांत पहिल्यांदा. खाली बघून तिने हळूच हाक मारली, "ए दहिवर." बाळाने दूध सोडलं नाही, पण आम्हाला तिघांनाही हुश्श झालं.

बारसं भावजयीच्या माहेरी बदलापूरला केलं, घरातल्या बायका आणि चार शेजारणी. मी बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि पाठीत धपाटे खाल्ले. एका शेजारणीने मोठ्याने विचारलं, "पण मुलगा का मुलगी, ते सांगा की." भावजय पाळण्याची दोरी हलवत शांतपणे म्हणाली, "मावशी, अजून तपासण्या चालू आहेत. बाळ छान आहे." मावशींनी बाळाकडे वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "बरं बाई, छान असू दे," आणि घुगऱ्या वाटायला लागल्या. इतके दिवस ज्याची धास्ती घेतली होती, ते एवढंच होतं.

पुढच्या आठवड्यात सगळे रिपोर्ट आले. बाळ तब्येतीने ठणठणीत आहे, ऑपरेशनची काहीही घाई नाही, मोठं होईल तसं त्याच्याशी बोलत राहा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रिपोर्टमध्ये आणखी काय होतं ते मी इथे लिहीत नाही. ते बाळाचं आहे. सांगायचं तर तेच सांगेल.

जन्मनोंदीत नाव घालायला भाऊ आणि मी गेलो. खिडकीमागच्या क्लार्कने फॉर्म वाचला. भाऊ माझ्या मागे उभा, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. क्लार्कने मान वर केली.

"मॅडम, यात 'हि'ची वेलांटी पहिली की दुसरी?"

"पहिली," मी म्हटलं.

त्याने लिहिलं, शिक्का मारला. बाहेर आल्यावर भावाने रसवंतीवर दोन ग्लास मागवले आणि दोन्ही एकटाच प्यायला. मग लाजून माझ्यासाठी तिसरा सांगितला.