गुआमचे महापौर आणि आमच्या दोनशे खुर्च्या

चहा उकळतोय तोवर एक फजिती सांगतो. माझीच आहे, त्यामुळे पोटभर हसा. आमच्या मंडळात अजून हसतायत, मग तुम्हीच कशाला मागे राहता?

तर झालं असं. आमच्या कतारमधल्या, दोह्यातल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. मी मंडळाचा सचिव. लहान पद समजू नका! हॉल मिळवण्यापासून श्रीखंड संपलं का हे बघण्यापर्यंत सगळं सचिवाच्या गळ्यात असतं. मिरवायचं तेवढं अध्यक्षांकडे. आमचे अध्यक्ष गोडबोले साहेब, मूळचे पुण्याचे. आता यापुढे मी त्यांच्याबद्दल काही बोलत नाही.

त्या वर्षी आम्ही मुलांसाठी एक कार्यक्रम ठेवला होता. आमची पोरं इंग्रजी शाळेतली. मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत. म्हणून प्रत्येकानं चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत येईल त्या प्रदेशाचा भूगोल, माणसं आणि राज्यकारभार पाच मिनिटांत सांगायचा, आणि तोही मराठीतून!

माझ्या लेकीला, इराला, आलं गुआम.

गोडबोले हसले. "खैरनार, हे कुठे असतं हो? आहे का खरंच?"

मला लागलं ते. कारण गुआमचा माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो! टोनी. आमच्या प्लँटवर सेफ्टीचं बघतो. त्याचे वडील, विसेंते, नातवाला बघायला महिनाभर दोह्याला आलेले. आणि ते त्यांच्या गावचे मेयर होते, वीस वर्षं!

मी तिथल्या तिथे, सगळ्या कमिटीसमोर, छाती पुढे काढून बोलून गेलो, "साहेब, या वर्षी प्रमुख पाहुणे मी आणतो. गुआमचे माजी महापौर! पाचच्या ठोक्याला हजर नसले तर सचिवपद सोडतो."

गोडबोल्यांनी ते वाक्य लगेच बैठकीच्या मिनिट्समध्ये लिहून घेतलं. आता सांगा, असल्या माणसाबद्दल गप्प कसं बसायचं?

दोन दिवसांनी कामावरून घरी आलो. मी शिफ्टवर असताना इरानं टोनीच्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावून सगळी माहिती काढली होती, निबंधही लिहून ठेवला होता. पॅसिफिक महासागरात लांब कुठेतरी इवलंसं बेट. अमेरिकेचं. लोक अमेरिकेचे नागरिक, पण राष्ट्राध्यक्ष निवडायला त्यांना मत नाही. मूळ लोक चामोरो. वर एक गव्हर्नर, खाली एकोणीस गावं, आणि प्रत्येक गावाला एक मेयर. वादळं येतात, नारळ भरपूर, जेवणाला लाल भात. मोठी माणसं भेटली की लहानांनी वाकून त्यांचा हात आपल्या नाकाला लावायचा, म्हणजे आपला वाकून नमस्कारच.

इथवर झकास. मग चौथा मुद्दा आला. "मेयर लग्नाला आणि मयताला मांडव, टेबलं, खुर्च्या देतात. रस्त्याकडेचं गवत कापतात. भटक्या कुत्र्यांचं बघतात."

"हे काय लिहिलंस?"

"बाबा, ही टोल्ड मी! ते स्वतः खुर्च्या लावायचे."

"म्हणजे आपले सरपंचच की," वैशाली म्हणाली. वैशाली म्हणजे आमची ही.

"सरपंच नाही! अमेरिकेचा प्रदेश आहे तो. महापौर म्हणजे शहराचा प्रथम नागरिक. खुर्च्या कशाला लावेल? म्हातारा चेष्टा करत असेल पोरीची."

आणि मी लाल पेनानं चौथा मुद्दा खोडला. त्या जागी लिहिलं, "महापौर गावाचा कारभार अत्यंत कुशलतेने हाकतात." तुम्हीच सांगा, किती भारदस्त वाटतं!

इरा म्हणाली, "बट बाबा, इट्स नॉट ट्रू." मी ऐकतो होय?

शुक्रवार उजाडला. अल नस्र भागातला हॉल. पत्रिकेवर वेळ पाचची, म्हणजे आपले लोक सहाला येणार हे गृहीत. मी साडेतीनपासून तिथे. गुलाबी फेटा, जरीचा कुर्ता. इंडस्ट्रियल एरियातून खुर्च्यांचा पिकअप आला. दोन माणसांनी दोनशे खुर्च्या दारात उतरवल्या. मी म्हटलं, लावा आता. ते म्हणाले, "लगाने का आदमी पीछे आ रहा है," आणि गेले की निघून!

आता काय करता? मुनाफभाई आत भजी तळत होते. हे आमचे रत्नागिरीचे, खाण्याचं सगळं त्यांच्याकडे. बाकी कमिटी अजून घरी दुपारची झोप काढत होती.

आणि चारच्या सुमारास दारात एक म्हातारा उभा राहिला. बारीक अंगकाठी, पांढरे केस, फुलाफुलांचा शर्ट, पायात साध्या चपला. हातात फॉइल लावलेला मोठा ट्रे. माझ्याकडे बघून छान हसला आणि काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, आला! लावायचा आदमी आला!

"चाचा, कितना लेट! खाना उधर किचन में दो, मुनाफभाई को. फिर ये कुर्सी लगाओ. यल्ला, यल्ला!"

यल्ला म्हणजे अरबीत चला, आटपा. बाकी इथे आपण सगळ्यांशी हिंदीच बोलतो ना? नेपाळी असो, बंगाली असो, फिलिपिनो असो. समोरच्याला हिंदी येत नसेल हा विचार आपल्या मनाला शिवत नाही. फार तर आवाज वाढवायचा!

"आय ॲम..." म्हातारा म्हणाला.

"शुक्रन, शुक्रन! बाद में." अरबीत आभार मानून मी त्याला वाटेला लावला.

तो खुर्च्यांकडे बघून थबकला. मग दोनशे खुर्च्यांसमोर एकटाच उभा असलेल्या माझ्याकडे, माझ्या फेट्याकडे बघितलं. ट्रे आत ठेवून आला, बाह्या दुमडल्या आणि कामाला लागला. आणि काय काम हो! एका हातात चार-चार खुर्च्या. मी मनात म्हटलं, याला पुढच्या वर्षीही बोलवायचा.

पण मी सचिव. नुसतं बघत कसा राहणार?

"चाचा, लाइन सीधी! एकदम सीधी!"

"ओके, बॉस!"

मग बॅनर. "प्रमुख पाहुणे मा. श्री. विसेंते, माजी महापौर, गुआम." त्यावर मोठा फोटो. टोनीनं पाठवलेला, जुना. मी विसेंतेंना तोवर एवढ्या फोटोतच पाहिलेलं. काळा सूट, भरलेले गाल, काळ्याभोर मिशा, गळ्यात शिंपल्यांची माळ. बॅनरचं एक टोक मी धरलं, दुसरं म्हाताऱ्यानं. त्यानं फोटो पाहिला आणि खो खो हसायला लागला.

"चाचा, हंसने का नहीं. पकडने का!"

त्यानं फोटोकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या छातीकडे.

मला वाटलं, छातीइतक्या उंचीवर बांधायचा का, असं विचारतोय. मी म्हटलं, "नहीं चाचा! ऊपर! और ऊपर!"

हसताय ना? हसा, हसा. पुढे याहून वाईट आहे.

सगळं आटोपल्यावर म्हाताऱ्याला दम लागला. स्टेजवर लाल मखमलीची एक मोठी खुर्ची होती, खास पाहुण्यांसाठी आणलेली. तो तिच्यावर टेकला. मी धावलोच!

"अरे चाचा! उठो, उठो! ये चीफ गेस्ट की कुर्सी है!"

तो निमूटपणे उठला. वर मी माझ्या रुमालानं ती खुर्ची पुसली. हो, पुसली! खोटं कशाला सांगू?

पावणेपाचला मुनाफभाई बाहेर आले. "खैरनार, तो म्हातारा कोन वो? आल्याबरोबर बर्फाच्या पिशव्या फोडून दिल्यान माका. आनि लाल भात आनलान, येकदम झकास हाय. आपन कुठं सांगितला होता?"

मी म्हटलं, "कॉम्प्लिमेंटरी असेल." लाल भात! माझ्या लेकीच्या निबंधात तिसऱ्या मुद्द्यात लाल भात होता. पण डोक्यावर फेटा घट्ट बसला की आत काही शिरत नाही.

पाच वाजले. आणि काय आश्चर्य, त्या दिवशी सगळं मंडळ वेळेवर! गोडबोले साहेब घड्याळ मनगटावर पुढे सरकवूनच आले. लेझीमवाल्या बायका दारात दोन रांगांत उभ्या. ताटात शाल, नारळ. मी हार घेऊन फाटकाशी. समोरून कुठलीही मोठी गाडी आली की लेझीम सुरू! एकदा तर आम्ही पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेल्या गाडीचं वाजतगाजत स्वागत केलं.

पाच दहा. पाच वीस. टोनी फोन उचलेना. घामानं फेट्याचा रंग कपाळावर उतरायला लागला.

"खैरनार," गोडबोले मऊ आवाजात म्हणाले, "ते मिनिट्समधलं वाक्य आठवतंय ना?"

आठवत होतं. सहा वर्षं राबून मिळवलेलं सचिवपद, तेही स्वतःच्याच तोंडानं घालवलेलं.

तेवढ्यात वैशाली आणि इरा आल्या. इरानं नऊवारी नेसलेली, हातात निबंध. "थांब गं इथेच, पाहुणे येतील," म्हणेपर्यंत ती सरळ आत पळाली. मी मागे. हॉल भरलेला. तो म्हातारा अगदी शेवटच्या रांगेत एक वाकडी खुर्ची सरळ करत होता. इरा त्याच्यापुढे थांबली, वाकली, त्याचा हात धरला आणि आपल्या नाकाला लावला.

"इरा! त्यांना काम करू दे!"

"बाबा," इरा म्हणाली, "धिस इज मेयर विसेंते."

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. मग बॅनरकडे. मग म्हाताऱ्याकडे. गाल उतरवा, मिशा काढा, केस पांढरे करा, सूट काढून फुलांचा शर्ट घाला... अरे देवा! तेच हसू. बॅनरवर तेच, समोर तेच!

त्याच क्षणी मागून गोडबोल्यांचा आवाज. "कुठे आहेत हो तुमचे महापौर?"

माझ्या तोंडून काय निघावं? "आलेत साहेब. शेवटची रांग सरळ करतायत."

दोनशे माना शेवटच्या रांगेकडे वळल्या. मग मागून मुनाफभाईंचं "या अल्ला! मी त्यास्नी बर्फ फोडायला लावला!" ऐकू आलं, आणि अख्खा हॉल हसत सुटला.

लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. महापौरांना खुर्च्या लावायला लावल्या, एवढ्याची नव्हे. तो साधा खुर्च्यावालाच असता, तरी बापाच्या वयाच्या माणसाला "बैठो, पानी पियो" म्हणायला माझ्या जिभेला काय झालं होतं? दमून टेकला तर उठवला मी त्याला.

टोनी बायको आणि तान्ह्या बाळाला घेऊन धापा टाकत आला. "सॉरी, पार्किंग मिळेना! डॅडना मी चारलाच सोडलं. आमच्याकडे जेवणाचं बोलावणं असलं की लोक आधी जातात, मदत करतात, ट्रे नेतात. हातावर हात ठेवून बसणं बरं दिसत नाही."

मी हात जोडले. "अंकल, आय ॲम व्हेरी, व्हेरी..."

"बाद में," विसेंते म्हणाले. शब्द माझाच, उच्चारही माझाच!

सत्कार झाला. गुलाबी फेटा बांधला, शाल घातली. नारळ हातात दिल्यावर ते त्याच्याकडे बघतच राहिले. आमच्याकडे हे डोक्यात पडू नयेत म्हणून जपावं लागतं, म्हणाले. मग इरा उभी राहिली. तिचं मराठी अडखळत होतं, पण ती छान बोलली. चौथ्या मुद्द्याशी आली. कागदावर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कागद खाली ठेवला.

"मेयर लग्नाला आणि मयताला मांडव, टेबलं, खुर्च्या देतात. बाबांनी हे कट केलं होतं. पण आज त्यांनी स्वतः प्रॅक्टिकल करून घेतलं."

टाळ्या थांबेनात. गोडबोले साहेब तर डोळे पुसत होते, आनंदानं.

मग विसेंते बोलायला उठले. ते इंग्रजीत बोलत होते, इरा मराठीत सांगत होती. "आमच्या बेटावर पाहुणा म्हणून खुर्चीत बसवलं की समजावं, आपण अजून परके. हातात काम दिलं की घरचे. वीस वर्षं मी लोकांच्या सुखदुःखात खुर्च्या लावल्या. रिटायर झाल्यापासून कुणी लावू देत नाही. तुमच्या सेक्रेटरीनं मला दारातच घरचा करून टाकलं. आणि तुमचा कार्यक्रम पाचचा होता, मी चारला हजर होतो, हे लिहून ठेवा."

गोडबोल्यांनी मुकाट्यानं मिनिट्स उघडल्या. माझं पद वाचलं! मला भरून आलं हो. ज्याचा मी अपमान केला, त्यानंच मला सांभाळून घेतलं होतं. मी स्टेजवर गेलो, वाकलो आणि त्यांचा हात नाकाला लावला. हाताला अजून भज्यांचा वास येत होता.

त्यांनी दुसऱ्या हातानं माझी पाठ थोपटली. मग कानाशी येऊन विचारलं, "नाऊ, बॉस, खुर्च्या परत कोण आवरणार?"

पिकअपवाले काही वेळेवर येणार नव्हते. कमिटीतल्या सगळ्यांना एकाएकी घरी कामं आठवली. जरीचा कुर्ता कोपरापर्यंत सरकवून मी एकटा खुर्च्या दुमडून भिंतीशी लावत होतो. आणि स्टेजवर, लाल मखमली खुर्चीत, गुलाबी फेटा, मांडीवर नातू, हातात श्रीखंडाची वाटी, असे गुआमचे माजी महापौर ऐटीत बसले होते. दोह्यात महिनाभर राहून ते जेमतेम दोन वाक्यं हिंदी शिकले, आणि तीही माझ्याकडूनच.

"बॉस!" ते चमचा उगारून ओरडले. "लाइन सीधी! एकदम सीधी!"