राजा मेला, असं पुस्तकात आहे

छापखान्यात मुद्रितं तपासणं हे त्याचं काम. खिडकीजवळच्या टेबलावर बसून दिवसभर तो दुसऱ्यांच्या चुका काढायचा आणि घरी आल्यावरही त्याला चैन पडायची नाही. आमंत्रणपत्रिका हातात आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायचा, मग लग्न कुणाचं ते. छापखान्यात सगळे त्याला शुद्धिपत्र म्हणत. चिडवायला म्हणत, पण तो ते पदवीसारखं मिरवायचा.

रविवारी दुपारी तो मेहुणीकडे खेळायला जाई. मेहुणी दातांची डॉक्टर. दवाखान्याला सुट्टी असली की पेशंट बसायच्या खोलीतलं टेबल मधे ओढायचं, फासे काढायचे आणि सुरू. खेळ म्हणजे बोलायची गोष्ट. मेहुणी सूत्रधार, ती गोष्ट पुढे न्यायची. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, आपण काय करतो ते सांगायचं आणि जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं; आकडा मोठा पडला तर जमलं. शुद्धिपत्र राजवैद्य होता. खालच्या दुकानात सोफे शिवणारा गादीवाला सेनापती होता. गोष्ट घडायची एका जाडजूड छापील पुस्तकातल्या राज्यात. त्या राज्याचा सगळा इतिहास त्यात दिलेला होता. पुस्तक मेहुणीनं विकत घेतलं होतं, पाठ मात्र यानं केलं होतं. सेनापतीनं चुकीच्या रंगाचा झेंडा लावला तरी हा खेळ थांबवायचा.

एका रविवारी त्याची बायको म्हणाली, "दर आठवड्याला कुठल्या राज्यात जाता ते बघू तरी एकदा," आणि आली. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. घाबरलेल्या माणसाला शांतपणे हुकूम सोडायची तिला सवय होती. तिनं नावाडीण व्हायचं ठरवलं. होडी पुलाखाली बांधली आणि बसून राहिली.

त्याच दिवशी पुलावर लढाई झाली. राजाला बाण लागला आणि तो कठड्यावरून खाली गेला.

"माझी होडी तिथेच आहे ना?" बायको म्हणाली. "मी त्याला वर ओढते."

"ओढता येणार नाही," शुद्धिपत्र म्हणाला.

"का? जड आहे?"

"जड नाही, मेलेला आहे."

"अहो, अजून पडतोय तो."

त्यानं पुस्तक न उघडता वाक्य म्हणून दाखवलं, "राजवैद्यांनी महाराजांचा मृत्यू घोषित केला आणि राज्य शोकात बुडाले." मेहुणीनं ते ऐकून घेतलं आणि फासा बहिणीपुढे सरकवला. वीस बाजूंच्या त्या फाशावर वीस पडले. राजा होडीत आला, खोकला आणि त्यानं पाणी मागितलं.

घरी जाताना गाडी बायको चालवत होती आणि हा शेजारी तोंड पाडून बसला होता.

"तो मेल्याशिवाय भाचा गादीवर येत नाही," तो म्हणाला. "भाचा नाही तर तह नाही. तह नाही तर पुढची दोनशे पानं रद्दीत."

"मग काय, बुडवू त्याला परत?"

खरं सांगायचं तर राजा त्यालाही आवडायचा.

त्याच आठवड्यात एका दुपारी छापखान्यात शोकसंदेशाचं मुद्रित त्याच्यासमोर आलं. 'दुःखद'मधला विसर्ग राहिला होता, तो त्यानं घातला आणि हात तिथेच थांबला. विसर्ग आहे का, हे बघायचे त्याला पैसे मिळत होते. माणूस खरंच गेला का, हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो एकटाच इतका हसला की शेजारच्यानं वर पाहिलं.

पुढच्या रविवारी राजवैद्य होडीपाशी गेला. राजा जाळ्यात गुंडाळून निजला होता. वैद्यानं नाडी पाहिली, ती उत्तम होती. मग काठावर येऊन तो जमलेल्या लोकांना म्हणाला, "महाराज गेले."

मेहुणीची भुवई वर गेली. "भाऊजी, जिवंत आहेत ते."

"पुस्तकात काय लिहिलंय? मृत्यू कुणी घोषित केला?"

"राजवैद्यांनी."

"तो मीच. केला घोषित. पुस्तक अक्षरशः बरोबर आहे."

"आणि प्रेत?" मेहुणी म्हणाली.

"ते मी भरून देतो," गादीवाल्यानं जाहीर केलं. "राजाचा अंगरखा द्या. पोट जरा सुटलेलं होतं ना त्याचं?"

कापसाचे महाराज झकास झाले. पण अंत्ययात्रेत फाशावर चार पडले आणि प्रधानाला संशय आला. त्यानं चेहऱ्यावरची चादर उचलायला हात पुढे केला.

"हात लावू नका," वैद्य म्हणाला. "आजार पसरणारा आहे."

"महाराजांना बाण लागला होता ना?" प्रधानाच्या आवाजात मेहुणीनं विचारलं.

"आजार बाणाला होता."

बायको टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. ज्या माणसाला पाहुण्यांना 'साहेब घरी नाहीत' एवढंसुद्धा सांगता येत नसे, तो कापसाच्या राजासाठी डोळे पुसत होता. मेहुणीनं पुन्हा फासा टाकायला लावला. या वेळी सतरा पडले. प्रधान चार पावलं मागे सरला आणि घरी जाऊन अंघोळ करून आला.

त्यानंतर सगळं पुस्तकाबरहुकूम झालं. भाचा गादीवर आला, तह वेळेवर झाला, झेंड्यांचे रंगसुद्धा चुकले नाहीत. मेलेल्या राजाचे मात्र हाल होते. बायको त्याला वल्हवायला शिकवत होती. "वळायच्या आधी मागे बघ," ती सांगायची आणि राजा निमूटपणे मागे बघायचा.

काही महिन्यांनी दोघं नवे फासे घ्यायला खेळाच्या दुकानात गेली. गल्ल्यावरचा तरुण एका गिऱ्हाइकाला तेच राज्य समजावून सांगत होता. पुलाच्या लढाईत राजा कसा गेला, हे सांगताना त्याचा आवाज कातर झाला. बायकोनं नवऱ्याला कोपर मारलं. हा पुढे झाला, मान खाली घालून म्हणाला, "फार चांगला माणूस होता हो," आणि फाशांचे पैसे देऊन बाहेर पडला.

रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "सांगून टाकायचं होतं त्याला."

"छे," तो म्हणाला. "पेशंटचं असं बाहेर बोलायचं नसतं."