चार बोटांची जागा

फ्रिज बिघडला म्हणून बोलावलं की मिस्तरी आधी त्याचं दार उघडायचे नाहीत. चपला उंबऱ्याबाहेर काढायचे, हात पँटला पुसायचे आणि तळहात आडवा करून फ्रिज अन् भिंतीच्या मधे घालायचे. हात अडकला की म्हणायचे, "गाळी बेकु." म्हणजे वारं पाहिजे. उमरग्यात निम्म्या गल्लीला कानडी येतं. उरलेल्यांना त्यांनी एवढे दोन शब्द शिकवले होते.

अशा मेकॅनिकांबद्दल तुमचं मत काय असतं ते मला ठाऊक आहे. माझंही तेच होतं. फरक इतकाच की मी ते छापलं. 'ग्राहकांनो, फसू नका!' हे पत्रक मी स्टँडवर उभी राहून वाटलं. फ्रिजवाले कॉम्प्रेसरची भीती घालून लुटतात, असं त्यात ठळक अक्षरांत होतं.

दोनच दिवसांनी आमचा फ्रिज गार करेनासा झाला. माझ्या उंचीचा, दोन दारांचा. आईनं खव्याच्या धंद्यासाठी घेतलेला. आत बारा किलो खवा होता, दुसऱ्या दिवशी शेजारच्या लग्नातल्या गुलाबजामसाठी. आईची पहिली ऑर्डर.

"खवा आंबला तर परत कुणी माझ्या दारात येणार न्हाय," ती म्हणाली.

मिस्तरी आले. हात घालायला फटच सापडेना. आम्ही सुताराकडून फ्रिजभोवती नक्षीचं कपाट करून घेतलं होतं आणि राहिलेल्या जागेत आईनं जुनी वाकळ फाडून कोंबली होती. मागं, बाजूंना, वरसुद्धा.

"अक्का, हे काय?"

"थंडी बाहेर जाऊ नये म्हणून. बर्फ गोणपाटात गुंडाळत न्हाईत व्हय?"

ते हसले नाहीत. "बर्फ निजून असतो, अक्का. ह्यो राबतोय. आतली गरमी अंगावर घेऊन बाहेर टाकतोय, अन् तुम्ही त्यालाच पांघरूण घातलंत."

मी पुढं झाले. "मग कॉम्प्रेसर गेला म्हणा की!"

"ताई, तुमचं पत्रक वाचलंय. झकास लिवलंय. आता जरा सरका. अक्का, करवत हाय का घरात?"

आईनं नक्षीवरून एकदा हात फिरवला आणि करवत आणून दिली. बाजूच्या फळ्या कापल्या गेल्या, वरची निघाली. फ्रिज पुढं ओढून त्यांनी सगळी वाकळ उपसली, मागची धूळ झाडली; मागं आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा ठेवली, वर एक वीत. "सांजपत्तोर दार उघडू नका," म्हणाले आणि गेले. कॉम्प्रेसरचं नावही काढलं नाही. आई फ्रिजसमोर पाट टाकून राखणीला बसली. संध्याकाळी तिनं खव्यावर बोट दाबलं. बोट रुतलं नाही.

लग्न पार पडल्यावर मी नवं पत्रक लिहिलं, 'फ्रिजला चार बोटं जागा सोडा', आणि माफी मागायला मिस्तरींच्या घरी गेले. एकच खोली. त्यात त्यांचा फ्रिज भिंतीपासून नेमका चार बोटं पुढं. त्यापायी खाट दाराशी आलेली, झोपलं तर पाय उंबऱ्यावर येतील अशी.

"मिस्तरी, तुमची जागा ह्यानंच खाल्ली."

"म्या पाय दुमडतो. त्याला दुमडता येत न्हाय."

माझं पहिलं पत्रक चार घड्या घालून त्याच फ्रिजच्या पायाखाली होतं. मी पाहिलं ते त्यांना दिसलं. "डुगडुगत होता," ते म्हणाले. मी जपून तयार केलेली माफी तिथंच विसरले, दोघंही हसलो.

यंदा उन्हाळ्यात मिस्तरी गेले. त्यांच्या मुलानं सामान सोलापूरला नेलं, त्या दिवशी मी गेले होते. इतकी वर्षं फ्रिज उभा होता, पण भिंतीवर त्याचा डाग नव्हता. कुठं होता ते कळत होतं फक्त खाली फरशीवर. तिथं माझं पत्रक पडलं होतं, ठळक अक्षरांवर पायाचा गोल वळ उठलेलं.