लिओ वॉयतासचे एकशे नव्वद

लिओ वॉयतासचा अंगठा बोलिंगच्या बॉलच्या भोकात अडकायला लागला, तेव्हा हॅमट्रॅम्क गावातल्या निम्म्या माणसांनी त्याला उपाय सांगितले आणि उरलेल्या निम्म्यांनी ते उपाय कसे चुकीचे आहेत ते सांगितलं. कुणी म्हणालं पावडर लाव, कुणी म्हणालं पावडर मुळीच नको. पाद्रीबाबांनी तर मिस्सा संपल्यावर त्याला चर्चच्या दारात अडवलं आणि मनगट कसं धरायचं ते स्वतःचा हात पुढे करून दाखवलं. पाद्रीबाबांनी उभ्या जन्मात कधी शंभराच्या वर गुण काढले नव्हते. पण आमच्याकडे हे असंच चालतं. एक वेळ बायकोशी कसं वागावं हे कुणी सांगणार नाही, पण बोलिंगचा बॉल कसा टाकावा हे शेंबडं पोरही सांगेल.

लिओला कुणी सांगायची गरज कधी पडलीच नव्हती. बॉल हातातून जाताना अंगठा आधी निघाला पाहिजे. तो निघाला की मागे राहिलेली दोन बोटं बॉलला जाता जाता पीळ देतात, आणि मग सरळ चाललेला बॉल शेवटाला वळून लेनच्या टोकाला उभ्या दहा पिनांच्या पोटात घुसतो. बस, एवढंच. लिओचा हात हे आपणहून करत आला होता. म्हणून तर एका बेकरीच्या नावाने खेळणाऱ्या, बेकरीवाल्यांच्या संघात तो सगळ्यात शेवटी टाकायचा. शेवटचा माणूस म्हणजे ज्याच्या हातात संघ आपली अब्रू सोपवतो तो. हा मान त्याच्याकडे इतकी वर्षं होता की दुसरा कुणी तिथे उभा राहिलेला लोकांना आठवतही नव्हता.

मग मनगट गेलं. गाड्यांच्या कारखान्यात हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्याने नट आवळण्यात त्याची सगळी हयात गेली होती. आधी बोटांना मुंग्या यायच्या, पुढे पुढे कपसुद्धा हातातून निसटायला लागला. उन्हाळा संपता संपता डॉक्टरांनी मनगट उघडून दबलेली नस मोकळी केली आणि वर्ष संपेपर्यंत बॉलला हात लावायचा नाही अशी तंबी दिली.

आता आमच्या मंगळवारच्या लीगचा एक नियम सांगायला हवा, कारण लिओचा घात त्यानेच केला. एखादा खेळाडू आला नाही तर त्याची मागच्या वर्षीची सरासरी घ्यायची, त्यातून दहा वजा करायचे आणि उरतील तेवढे गुण त्याच्या नावावर संघाला द्यायचे. लिओची सरासरी दर गेमला तीनशेपैकी दोनशे होती. म्हणजे तो घरी हात गळ्यात बांधून बायकोच्या, आयरीनच्या हातचं सूप पीत बसलेला असायचा, आणि तिकडे त्याच्या नावावर दर गेमला एकशे नव्वद लागायचे. असे गुण भरवशाचे असतात. ते थकत नाहीत, त्यांची कंबर धरत नाही. नाताळपर्यंत बेकरीवाले सगळ्यांच्या पुढे होते.

जानेवारीत लिओ परतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संघातला म्हातारा बेनी मझूर तर त्याच्या गळ्यात पडून रडला. बेनीचं हे शेवटचं वर्ष होतं, वसंत ऋतू सरला की तो मुलीकडे फ्लोरिडाला राहायला जाणार होता, आणि इतकी वर्षं खेळून लीगचं विजेतेपद त्याच्या नशिबात एकदाही आलं नव्हतं. लिओने बूट बांधले, चार पावलं टाकली, हात सोडला. अंगठा अडकला. बॉल धप्पकन लेनवर आदळला आणि कडेच्या चरात गेला. त्या दिवशी त्याला तीनपैकी एका गेमलाही दीडशे पार करता आले नाहीत. पुढल्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढल्या मंगळवारीही तेच.

संघातलं कुणी काही बोललं नाही. चेट पलुख, म्हणजे आयरीनचा सख्खा भाऊ आणि संघाचा कप्तान, एरवी कुणाला टोमणा मारायची संधी सोडत नसे. तोही आता लिओचा बॉल गेला की बुटाची नाडी सैल करून पुन्हा बांधायचा. लिओला हे जास्त लागत होतं. यापेक्षा शिव्या दिलेल्या परवडल्या, असं त्याला वाटायचं.

बोलला तो हेन्री सोबचाक. हेन्री अंत्यविधीवाल्यांच्या संघात होता. त्यांच्या शर्टाच्या पाठीवर अंत्यविधी करून देणाऱ्या दुकानाचं नाव असल्यामुळे लोक त्यांची भरपूर चेष्टा करायचे, पण ते दुसऱ्या क्रमांकावर चिकटून होते आणि लिओ परतल्यापासून पहिले झाले होते. तर हा हेन्री दर मंगळवारी लिओपुढे एक बिअर आणून ठेवायचा. शेवटी लिओने विचारलं की बाबा रे, हे लाड कशासाठी?

"लेका, तू घरी बसला होतास तेव्हा आमच्या नाकी नऊ आणले होतेस," हेन्री म्हणाला. "आता तू दर मंगळवारी येतोस. मग बिअर तरी पाजायला नको का तुला?"

सगळे हसले. लिओही हसला, बिअर संपवली, आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. चेष्टा खोटी असती तर त्याने हेन्रीला तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण हिशोब साधा होता. नसलेला लिओ एकशे नव्वद काढायचा आणि असलेला एकशे चाळीस.

बोलिंगचं ते ठिकाण झिगीचं. झिगी जाऊन काही वर्षं झाली होती, आता त्याची बायको वांडा ते चालवायची आणि कोपऱ्यातल्या खोलीत बॉलला भोकंही पाडून द्यायची. तिने लिओचा अंगठा दोन बोटांत धरून पाहिला आणि सांगितलं की भोक आहे तेवढंच आहे, अंगठा बारीक झालाय. ऑपरेशननंतर त्याच्या बुडाचं मांस उतरलं होतं. बॉल निसटेल या धास्तीने लिओ तो आवळून धरत होता, आणि आवळून धरलेला अंगठा वेळेवर सुटणार कसा? भोक भरून घे, नव्या अंगठ्याच्या मापाने पाडून देते, असं ती म्हणाली.

लिओने साफ नकार दिला. ते भोक झिगीने पाडलेलं होतं, लिओच्या भर उमेदीतल्या अंगठ्याच्या मापाचं. ते भरायचं म्हणजे तो अंगठा आता परत येत नाही हे कबूल करायचं. त्याने आतून टेप चिकटवली, टेपवर टेप चिकटवली, मग उकरून काढली, पुन्हा चिकटवली. हट्टाला पेटला की लिओ गाढवालाही मागे टाकतो. या हट्टापायी अख्खा फेब्रुवारी गेला आणि संघ आणखी घसरला.

मार्चमध्ये एका सकाळी त्याने बॉल वांडाच्या टेबलावर ठेवला आणि तोंड फिरवून म्हणाला, "भर." तिने भोक भरलं आणि नवं पाडलं.

त्यानंतर तो रोज सकाळी जायला लागला. सगळं पहिल्यापासून. पावलं टाकायची नाहीत, लेनच्या तोंडाशी असलेल्या रेषेजवळ एक गुडघा टेकून बसायचं, हात झुलवायचा आणि फक्त सोडायचं. साठी उलटलेला माणूस, बाजूच्या लेनवर पेन्शनर बायका खेळतायत, त्यांच्या देखत हा गुडघ्यावर. मंगळवारी सामन्यात अंगठा पुन्हा पूर्वीसारखाच अडकायचा, आणि बुधवारी सकाळी हा पुन्हा गुडघ्यावर. कधीकधी त्याला बॉल खिडकीतून रस्त्यावर फेकून द्यावासा वाटे. आणि मग ईस्टरच्या आठवड्यात, लीगला सुट्टी असताना, अंगठा सुटला. अलगद, आधीसारखा. पाठोपाठ दोन्ही बोटांवर बॉलचं वजन आलं आणि पीळ बसला. लिओ एकटाच मोठ्याने हसला. मग उभं राहून, पावलं टाकून बघितलं, तरी सुटला. त्याने घरी येऊन आयरीनला सांगितलं. आयरीनने बटाट्याची धिरडी केली आणि ती दोघं पोटभर जेवली.

आता एकच मंगळवार उरला होता, आणि त्या दिवशी गाठ अंत्यविधीवाल्यांशीच होती. घसरूनही बेकरीवाले दुसऱ्या क्रमांकावर टिकून होते, म्हणून जो जिंकेल तो विजेता. लिओने मनाशी ठरवलं होतं की कुणाला काही सांगायचं नाही, सरळ जाऊन टाकून दाखवायचं.

शनिवारी चेट घरी आला. ईस्टरचं उरलेलं सॉसेज कापून आयरीनने पुढे ठेवलं. चेटने हवापाण्याच्या गप्पा मारल्या, कारखान्यातल्या कपातीबद्दल बोलला, पुन्हा हवेवर आला. शेवटी आयरीनच म्हणाली की जे बोलायला आलायस ते बोलून टाक.

"बेनीचं शेवटचं वर्ष आहे," चेट ताटलीकडे बघत म्हणाला. "मंगळवारी तू घरी बसशील का, लिओ?"

लिओला राग यायला हवा होता, पण त्याला मनातून आनंदच झाला, कारण त्याच्याकडे उत्तर होतं. तो म्हणाला की उद्या मिस्सा झाल्यावर झिगीच्या इथे ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

रविवारी वांडाने त्यांच्यासाठी एक लेन उघडली. लिओने पहिला बॉल टाकला. अंगठा अलगद सुटला, बोटांनी पीळ दिला. चेटचं तोंड उघडंच राहिलं. बॉल वळला, बरोबर जागेवर गेला, आणि कोपऱ्यातली पिन उभीच राहिली. होतं असं. दुसरा बॉल तसाच स्वच्छ, आणि मागच्या दोन पिना उभ्या. तिसऱ्यालाही कोपरा उभा. तो टाकत राहिला. अंगठा एकदाही अडकला नाही. प्रत्येक बॉल जिथे जायला हवा तिथे जात होता, फक्त तिथे पोहोचेपर्यंत त्याच्यातला जोर संपत होता. पूर्वी त्याचा बॉल लागला की पिना एकमेकींना घेऊन उडायच्या. आता त्या कलंडत होत्या, आणि एक-दोन तर ढिम्म हलत नव्हत्या. दोन गेम झाले. दोन्ही वेळा एकशे साठच्या आसपास.

"हात अगदी पूर्वीसारखा सुटतोय," वांडा म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं.

लिओने बॉल पिशवीत ठेवला. सगळा हिवाळा त्याने अंगठ्याला दोष दिला होता. मनगट, नस, भोक, टेप, सगळ्यांना दोष दिला होता. हात सुटला की आपण परत येऊ, या एका आशेवर तो बायकांसमोर गुडघे टेकत आला होता. आता हात सुटला होता, त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि तरी तो एकशे साठचाच माणूस होता. दोष द्यायला आता काही उरलं नव्हतं. तो म्हातारा झाला होता आणि त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

चेट घाईघाईने म्हणाला की तू खेळ, काय होईल ते होईल. तो मनापासून म्हणत होता, हे लिओला दिसलं. पण बेनीचा चेहराही त्याच्या डोळ्यांसमोर होता.

"माझं नाव शेवटीच लिही," लिओ म्हणाला. "आणि पुढे गैरहजर म्हणून टाक."

नियमाप्रमाणे गैरहजर माणूस सामना संपेपर्यंत इमारतीत दिसूनही चालत नाही. त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी लिओ स्वयंपाकघरात बसून राहिला. आयरीनने रेडिओ लावला, त्याने बंद केला. पुढ्यातलं सूप गार झालं. आता आपली पाळी आली असेल, आता आपल्या जागी कुणीच उभं राहिलं नसेल, असं तो मनाशी म्हणत होता.

फोन वाजला. चेटच्या मागे नुसता आरडाओरडा चालला होता. जिंकलो, तो म्हणाला, तिसरा गेम सात गुणांनी काढला आणि विजेतेपद आपलं. त्याने बेनीच्या हातात फोन दिला, पण बेनी नुसता रडत राहिला, म्हणून चेटने तो परत घेतला.

"तुझ्या एकशे नव्वदांवर जिंकलो, लिओ. पुढल्या वर्षीही शेवटचा तूच. वाटलं तर सगळं वर्ष घरी बस, आमची तक्रार नाही."

"पुढल्या वर्षी या वर्षीची सरासरी धरतील, चेट. एकशे चाळीस वजा दहा," लिओ म्हणाला.

 मागचा आरडाओरडा तेवढा ऐकू येत राहिला. मग चेट म्हणाला, ते तेव्हाचं तेव्हा बघू, आता यायला हरकत नाही, सगळे तुझी वाट बघतायत. लिओ येतो म्हणाला आणि फोन ठेवला.

आयरीनने त्याचा कोट आणून दिला. त्याने तो हातात घेतला आणि तसाच खुर्चीत बसला.

"आता मी नसलो तरी माझा कुणाला उपयोग नाही," तो म्हणाला.

 आयरीनने कोट त्याच्या हातातून काढून घेतला आणि परत खुंटीला लावला.