तीन बादल्या पाणी

सारवलेली जमीन मी पाण्याने धुतली. एक नाही, तीन बादल्या ओतून.

हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे. ज्यांचं लहानपण लादीवर गेलं ते म्हणतात, "बरं, मग?" ज्यांचं शेणाने सारवलेल्या घरात गेलं ते आधी डोळे मिटून घेतात आणि मग विचारतात, "बायको कुठे होती?"

बायको समुद्रावर गेली होती. ती खोलीत असती तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. बोईसरच्या कारखान्यात पाळ्या करता करता मी तिला कुठे नेलं नव्हतं, असं तिचं म्हणणं, आणि ते खरं आहे. म्हणून मोबाईलवर शोधून मी दोन दिवसांची जागा ठरवली. एडवणच्या बाजूला किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या वेळचा एक पडका कोट आहे. त्याच्या भिंतींच्या आत एका कुटुंबाची वाडी आहे, चिकू, नारळ, सुपारी सगळं. बुरुजाला टेकून त्यांची एक जुनी कौलारू खोली होती, ती त्यांनी पाहुण्यांसाठी जुन्या काळासारखी लावली होती. काथ्याची बाज, माठ, कंदील, तांब्याभांडं. पंखा नाही. फोटोखाली लिहिलं होतं, 'सारवलेल्या जमिनीवर राहायला या.' मला ते फार काव्यात्म वाटलं. बायकोला मी आधी सांगितलं नाही, चकित करायचं म्हणून.

स्कूटर कोटाच्या दरवाजात लावली. घरच्या वहिनी पुढे आल्या, पन्नाशीच्या, कमरेला कोयता लावलेल्या. त्यांनी खोलीचं दार ढकललं. बायकोने खाली जमिनीकडे पाहिलं आणि ती गप्प झाली. मला वाटलं, आनंदाने.

"तुमी पहिलीच माणसं," वहिनी म्हणाल्या. "आवडलं तर नीट सांगा हां. मोठ्यानं सांगा. ह्यांना ऐकू जायला पायजे."

'हे' म्हणजे त्यांचे यजमान. ते मागे चिकूखाली उभे होते, आणि त्यांच्या बाजूला ताडपत्रीखाली लाद्यांच्या पेट्या रचलेल्या होत्या. पांढऱ्या, चकचकीत. नवराबायकोचं ठरलं होतं, की पहिल्या पाहुण्यांना जमीन मानवली तर जमीन राहील, नाहीतर सोमवारी गवंडी येईल.

"शहरातल्या मानसांना लादीच लागते," ते तिथूनच म्हणाले.

"त्यांच्या घरी काय लादी नाय? तीच बघायला हितवर येतील?"

"बघू."

"बघाच."

वहिनींनी आठ दिवस खपून ती जमीन केली होती. दर पावसाळ्यानंतर त्या ती स्वतः करत, आणि लादी आली की आपल्या हातचं या घरात काही राहणार नाही, असं त्यांच्या मनात होतं. हे मला बायकोने नंतर सांगितलं. मला कोणी असलं काही सांगत नाही.

दुपारी मातीच्या भांड्यात बोंबलाचं कालवण आलं. जेवून बायको वहिनींबरोबर किनाऱ्यावर गेली, आणि मी आवराआवर करायला घेतली. हा माझा चांगुलपणा. उरलेलं कालवण घेऊन बाहेर निघालो. जुन्या काळचं दार, जुन्या काळच्या उंचीचं. कपाळ चौकटीवर आपटलं, भांडं सुटलं, आणि लालभडक रस्सा दारापासून बाजेपर्यंत पसरला.

आता कारखान्यात आम्हाला सव्वीस वर्षं एकच गोष्ट शिकवली आहे. काही सांडलं की आधी पाणी. विचार नंतर, अहवाल त्याच्याही नंतर. हात आपोआप पाण्याकडे जातो. विहीर दहा पावलांवर, रहाटाला बादली लावलेली.

पहिल्या बादलीने रस्सा कोपऱ्यापर्यंत गेला. दुसऱ्या बादलीला पाणी गढूळ यायला लागलं. मला बरं वाटलं, म्हटलं घाण निघतेय. तिसरी ओतली आणि खराटा घेऊन जोरात घासलं. मग माझा पाय घोट्यापर्यंत आत गेला. घाण निघत नव्हती. जमीनच निघत होती.

आधी यजमान आले. दारात थांबले. मी खराटा घेऊन चिखलात उभा. ते रागावतील असं वाटलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरत गेलं ते समाधान होतं.

"वा," ते म्हणाले. "वा, भाऊ." आणि गवंड्याला फोन लावायला वळले.

तेवढ्यात दोघी परत आल्या. वहिनींनी आत पाहिलं, पदराने तोंड पुसलं. "जाऊ दे," त्या हळूच म्हणाल्या. "पावन्याला काय बोलायचं." कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर मी हसून घेतल्या असत्या, तेवढा सराव आहे. हे मात्र लागलं.

माझ्या बायकोने चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि वहिनींना विचारलं, "शेण कुठे मिळेल?"

"ताई, तुमी कशाला..."

"फोन ठेवा हो," बायको यजमानांना म्हणाली. "अजून आम्ही आवडलं की नाही ते सांगितलेलं नाही."

त्यांनी फोन ठेवला. माझ्या बायकोने असं म्हटलं की लोक ठेवतात.

मला घमेलं देऊन शेण आणायला पाठवलं. वाडीपलीकडे एकाच्या गोठ्यात गाई होत्या. मी तोंड उघडायच्या आत गोठेवाले काका म्हणाले, "धुवून काढलीत म्हणे?" बातमी माझ्याआधी पोचली होती. शेण त्यांनी दोन घमेली दिलं. एक माझ्या तोंडाकडे बघून जास्त.

परत आलो तर दोघींनी फावड्याने सगळा चिखल ओढून बाहेर काढला होता. बुरुजाच्या पायथ्याची कोरडी लाल माती आणून पसरली. मग ती लाकडी चोपण्याने ठोकायची. ठोकायचं काम मला, ते पण एका कोपऱ्यात, जिथे फार नुकसान होणार नाही तिथे. त्यावर शेण कालवून बायको उकिडवी बसली आणि तिचा हात फिरायला लागला. अर्धा गोल, त्याला लागून अर्धा गोल. पंचवीस वर्षांत मी तो हात पोळी लाटताना पाहिला, स्वेटर विणताना पाहिला, माझ्या नाकासमोर नाचताना तर रोज पाहिला. हे त्याला येतं, हे मला माहीत नव्हतं.

"पाय उचला," ती म्हणाली. "नाय, तिकडं नाय. बाहेर जा तुमी."

'नाय.' 'तुमी.' लग्न होऊन बोईसरला आली त्या वर्षी तिने हे शब्द टाकून दिले होते. आता ते आपले आपण आले, तिलाही कळलं नाही.

यजमान दारात रेंगाळत होते. "कडेला जाड झालंय," ते म्हणाले. दोघींचे हात फिरत राहिले. थोड्या वेळाने, "आमच्यात हात उलटा फिरवतात."

"मग फिरवा की," वहिनी म्हणाल्या. "मी काय तुमचा हात धरलाय?"

ते आत आले. येताना दारातच माझ्या हातातलं चोपणं काढून घेतलं, मी ठोकलेल्या कोपऱ्याकडे बघून चुकचुकले आणि तो पुन्हा ठोकायला बसले. ऊन उतरलं तेव्हा तिघंही मागे मागे सरकत दारापर्यंत आले होते. मी बाहेर ओट्यावर, सन्मानाने हाकलून दिलेला.

विहिरीवर बायकोच्या हातांवर मी पाणी घालत होतो. नखांतलं शेण निघत नव्हतं.

"तुला हे सगळं येत होतं, बोलली नाहीस कधी?"

"बेटेगावला आमची तीन खोल्यांची जमीन मीच सारवायची. शाळेत जायच्या आधी. हाताला वास राहायचा, वर्गातल्या मुली नाक धरायच्या." तिने बोटं चोळली. "तेव्हाच ठरवलं होतं, लादी असेल त्याच घरात जायचं. तुमचं स्थळ आलं तेव्हा आईने तुमचा पगार पाहिला. मी लादी पाहिली."

"आणि मला?"

"तुम्ही लादीवर उभे होतात."

मी बादली खाली ठेवली. ज्यातून ही बाई धावत निघाली होती, तेच मी तिला पंचविसाव्या वर्षी भेट म्हणून आणून दिलं होतं. वर पाण्याने धुतलं होतं.

"मग आज का बसलीस सारवायला?"

"मला नको होती म्हणून त्यांनी पण सोडायची का?" ती म्हणाली. "त्यांना हवीये ना." मग माझ्या कपाळावरचं टेंगूळ तिने ओल्या बोटाने दाबून पाहिलं. "दुखतंय?"

"नाही," मी खोटं सांगितलं.

जमीन ओली, म्हणून बाज ओट्यावर काढून आम्ही तिच्यावर झोपलो. सकाळी वारा समुद्रावरून सरळ दारात येत होता, आणि जमीन कोरडी झाली होती. मी आत वाकून पाहिलं. माझ्या कोपऱ्यात, यजमानांनी पुन्हा ठोकूनही, करंगळीएवढी भेग गेली होती.

मी बायकोला दाखवली. मागून यजमानांच्या पावलांचा आवाज आला. ते अनवाणी होते, टाच टेकून जमीन तपासत एकेक पाऊल टाकत होते. बायकोने चहाचा कप उचलला, कोपऱ्यात गेली आणि भेगेवर मांडी घालून बसली.

यजमान खोलीभर फिरले. तिच्यापाशी येऊन थांबले.

"ताई, चहा हितंच घेनार?"

"हो. इथे गार लागतं."

"बाहेर वारा हाय."

"मला इथे आवडलं," बायको म्हणाली. मोठ्याने म्हणाली, विहिरीवरच्या वहिनींना ऐकू जाईल इतकं.

ते तिच्याकडे बघत राहिले, मग तिच्या साडीच्या काठाकडे, जिथून भेगेचं टोक दिसत होतं. त्यांनी ते नक्की पाहिलं. "बसा," ते म्हणाले. "मी गवंड्याला नको म्हनून सांगतो."

वहिनी रहाटावर होत्या. त्यांनी बादली अर्ध्यातच सोडली, ती धाडकन खाली गेली.

यंदा पुन्हा गेलो. या वेळी बायकोनेच ठरवलं, आणि वहिनींशी फोनवर ती अर्धा तास फक्त मातीविषयी बोलली. खोलीतली जमीन तशीच होती, नव्याने सारवलेली, अर्धा गोल, त्याला लागून अर्धा गोल. दारात मात्र मी थबकलो. बाहेरचा ओटा पांढराशुभ्र चकाकत होता.

"लादी घातलीत शेवटी?" मी यजमानांना विचारलं.

"हां. वाया कशाला घालवायची." त्यांनी बाज उचलून ओट्यावर मांडली आणि माझी पिशवी तिच्यावर ठेवली. मग विहिरीवरची बादली आणून शेजारी ठेवली. "ताई आत झोपतील. तुमी हितं. आता काय धुवायचं ते धुवा."