लग्न न झाल्याचा जबाब

मंगळवार, ३० मार्च २००४. पहाटेचे पाच चाळीस. नाशिकरोडच्या कॉन्व्हेंटमागच्या दवाखान्यात सिस्टर क्लेमेन्शिया यांनी ड्रेसिंगचे चिमटे उकळायला ठेवले होते. एरवी आठला दवाखान्याचं दार त्याच उघडतात. आज ते काम दुसऱ्या सिस्टरकडे सोपवून त्यांना पेठच्या बाजूला, आपल्या गावी जायचं होतं. आपलं लग्न झालेलं नाही, हे सिद्ध करायला.

त्यांचं जन्माचं नाव सगुणा पुंजा भोये. १९८१ मध्ये व्रत घेतलं तेव्हा रिवाजाप्रमाणे नवं नाव मिळालं. शाळेचा दाखला सगुणाचा राहिला. फोटो असलेलं प्रत्येक कार्ड क्लेमेन्शियाचं झालं. दोघी एकच, असं सांगणारा कागद कुणी केला नाही. गरजही पडली नाही.

गरज पडली ती वडील वारल्यावर. सातबाऱ्यावर आई चिमणाबाई आणि भाऊ सोमा यांच्या जोडीला सगुणाचं नाव लागलं. सोमाला सरकारी योजनेतून विहीर मंजूर झाली होती, पण मार्चअखेर जमीन त्याच्या एकट्याच्या नावावर हवी होती. त्या पाड्यावर उन्हाळ्यात बायका डोंगर उतरून झऱ्यावरून पाणी आणतात. सत्तरीच्या चिमणाबाईही जातात. त्यांनी आपला हक्क सोडला होता. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या सिस्टरांना तर जमीन नकोच होती. मात्र सोडून द्यायलाही सगुणा असणं भाग होतं.

"बाईचं नाव बदलतं ते लग्नानं," मागच्या आठवड्यात पेठच्या तहसील कचेरीतले कारकून गोटीराम चौरे म्हणाले होते. "नवऱ्याचं नाव सांगा."

"नवरा नाही. मी नन आहे."

"मग रेशनकार्डावर हे काय? नाव कमी, कारण विवाह. खाली तुमच्या वडिलांचा अंगठा आहे."

"दाजी कधी आले न् कधी गेले, आम्हाला पत्ताच नाय," सोबत आलेला सोमा म्हणाला. चौरे हसले आणि त्यांनीच वाट दाखवली: गावात पंचनामा, आईचा जबाब, त्यावर मंडळ अधिकाऱ्यांची सही.

वडिलांनी, पुंजांनी, असं का लिहून दिलं, ते सिस्टरांना त्या दिवशी कळलं. मुलीचं नाव कार्डावरून काढायला गावात दोनच कारणं माहीत होती, लग्न आणि मृत्यू. पुंजांनी पहिलं सांगितलं, मग मरेपर्यंत तेच सांगत राहिले. पोरगी नाशकात दिली, जावयाला रजा मिळत नाही. सिस्टर दोन-तीन वर्षांतून एकदा साध्या साडीत येत. गावाला शंका आली असेल, पण कुणी विचारलं नाही.

आज दुपारी भोयांच्या ओट्यावर तलाठी जबाब घ्यायला बसले. पंच म्हणून पाड्यावरचे सावळीराम आणि शेजारच्या धोंडाबाई होत्या.

"चिमणाबाई, मुलीचं लग्न झालं की नाही?"

"त्यांनी सांगितलंय ना, झालं म्हनून."

"ते आता नाहीत. तुम्ही सांगा."

"मंग गावापुढं मी त्यांना खोटं पाडू?"

"तुझ्या जावयासाठी राखलेली कोंबडी म्हातारी होऊन मेली, चिमणे," धोंडाबाई म्हणाल्या. "आता तरी सांग."

कुणी हसलं नाही. "आये, नको असंल तर राहू दे," सिस्टर म्हणाल्या. सोमाने बहिणीकडे पाहिलं आणि मान फिरवली. चिमणाबाई दाराशी उपड्या घातलेल्या हंड्याकडे बघत होत्या.

"लगीन नाय झालं," त्या शेवटी म्हणाल्या. "पोर जिती असताना मेली कशी लिहवनार व्हते ते?"

तलाठ्यांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसऱ्याला जबाबात जागा नव्हती. अंगठा उठवून चिमणाबाई आत गेल्या. निघताना सिस्टरांनी हाक मारली, तरी त्या बाहेर आल्या नाहीत.

मंडळ अधिकारी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेले होते, त्यामुळे सही राहिली. कॉन्व्हेंटच्या नियमाप्रमाणे सिस्टर रात्रीच्या प्रार्थनेआधी परतल्या आणि आणखी एका दिवसाची परवानगी मागून घेतली. उद्या ३१ मार्च. अधिकारी दहाला येतात, हक्कसोडपत्राची दस्तनोंदणी साडेदहाला सुरू होते. पेठची पहिली एसटी नाशिकहून सव्वासहाला सुटते.